पॉइन्सेटियाची लागवड व त्याविषयीचे समज-गैरसमज

मार्गशीर्ष महिना लागला की पौड, पिरंगुट, भूगाव या भागांतील बंगल्यांच्या कुंपणांतून आणि रोपवाटिकांतून भडक तांबड्या पानांचे एक झुडूप नजरेत भरू लागते. हे झुडूप म्हणजे पॉइन्सेटिया होय. मराठीत त्यास काही ठिकाणी पानचेटी असेही म्हणतात. जुन्या बागांतून ते पुष्कळ वर्षांपासून रुळलेले आहे. तथापि अलीकडे कुंडीतील बुटक्या पॉइन्सेटियास डिसेंबर महिन्यात शहरातून चांगली मागणी येऊ लागली आहे. मुळशी तालुक्याचा पूर्वभाग पुणे शहरास लागून असल्याने, थोडी जमीन, एखादे शेडनेट आणि घरातील दोन-चार हात एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय करू पाहणारे काही शेतकरी या भागात आहेत. या रोपाविषयी त्यांच्याकडून व त्यांच्या गिऱ्हाइकांकडून जे प्रश्न येतात, त्यांपैकी बहुतेक खत-पाण्याचे नसून समजुतींचे असतात. झाड विषारी आहे काय? चीक असलेले झाड दारात चालते काय? भरपूर खत घालूनही ते तांबडे का होत नाही? गेल्या वर्षी बुटके असलेले रोप यंदा एकदम माणसाच्या उंचीचे कसे झाले? या प्रश्नांची उत्तरे लागवडीच्या पद्धतीशी इतकी निगडित आहेत की दोहोंचा विचार एकत्र करणेच सोयीचे होईल.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. पॉइन्सेटिया हे एरंडाच्या कुळातील झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव यूफोर्बिया पल्चेरिमा असे आहे. आपल्या डोंगरउतारांवरील निवडुंग, कुंपणाचा शेर आणि वाटेवर उगवणारी दुधी ही सर्व यूफोर्बिया याच प्रजातीतील त्याची भावंडे होत. त्याचे मूलस्थान मेक्सिको. तेथील डोंगराळ प्रदेशात ते रानटी अवस्थेत दहा-बारा फूट उंच वाढते. अमेरिकेचे मेक्सिकोमधील पहिले राजप्रतिनिधी जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास ते आपल्या देशी नेले व त्यांच्यावरून त्यास हे नाव पडले. उत्तर गोलार्धात ते नेमके नाताळाच्या सुमारास रंगात येत असल्याने ख्रिस्ती लोकांच्या त्या सणाशी त्याचा संबंध जडला. मेक्सिकोत तर त्यास नाताळच्या आदल्या रात्रीचेच नाव आहे. झाडाला मात्र सणाची माहिती नसते. ते कशाची वाट पाहते, हे पुढे येईलच.

तांबडे ते फूल नव्हे

पॉइन्सेटियाचे 'फूल' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ती वस्तुतः पाने आहेत. फुलोऱ्याच्या खाली येणाऱ्या अशा पानांना वनस्पतिशास्त्रात छद म्हणतात. बोगनवेलीतही हाच प्रकार असतो. खरी फुले तांबड्या पानांच्या मध्यभागी लहान हिरवट-पिवळ्या पेल्यांच्या रूपाने असतात. अशा प्रत्येक पेल्यात एक मादी-फूल व त्याभोवती अनेक नर-फुले दाटीने बसलेली असून पेल्याच्या कडेस मधाची एक पिवळी ग्रंथी असते. मुंग्या व मधमाश्या त्या ग्रंथीकडेच जातात.

ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. कुंडी विकत घेताना किंवा विकताना तिचा उपयोग होतो. मधले पिवळे पेले टवटवीत व पुरते न उमललेले असतील तर रोप ताजे समजावे. पेले गळून गेले असतील तर पाने कितीही तांबडी दिसोत, त्या रोपाची शोभा थोड्याच दिवसांची आहे. छद म्हणजे पानच असल्याने तो फुलाच्या पाकळीप्रमाणे दोन दिवसांत गळत नाही, योग्य निगा राखल्यास दीड-दोन महिने टिकतो, हे या झाडाचे बाजारातील मोठे बळ होय.

तांबडेपणाचे कारण : खत नव्हे, थंडी नव्हे, अंधार

पॉइन्सेटिया तांबडा होणे न होणे हे खतावर अवलंबून असते, असा समज सर्वत्र आढळतो. कोणी थंडीवर बोट ठेवतात. थंडीचा काही संबंध आहे, तो नाकारता येणार नाही. रात्री फार उष्ण राहिल्यास रंग लांबतो आणि फिका येतो. परंतु मूळ कारण निराळे आहे. हे झाड रात्रीची लांबी मोजते. सलग अंधाराची रात्र सुमारे पावणेबारा ते बारा तासांची झाली म्हणजे शेंड्यातील कोंब पाने धरण्याचे सोडून फुलोरा धरू लागतो, आणि त्यापाठोपाठ येणारी पाने तांबडी निघतात. अशा वनस्पतींना लघुदिन वनस्पती म्हणतात. नाव दिवसाचे असले तरी मोजमाप रात्रीचे आहे.

अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर व अलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध १९२० साली प्रसिद्ध केला. पुढे १९३८ साली हॅमनर व बॉनर यांनी आपल्याकडे शंकेश्वर किंवा गोखरू म्हणून माहीत असलेल्या झँथियम या तणावर प्रयोग करून दाखविले की, लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ उजेड पाडला तर ती रात्र झाडाच्या लेखी मोडते आणि फुलोरा येत नाही. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा उजेड टिपते.

मुळशीच्या शेतकऱ्यास ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही. जुन्या गरव्या भाताची पेर आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी ते निसवते मात्र जवळजवळ एकाच वेळी, हा अनुभव वडीलधाऱ्या मंडळींना चांगला ठाऊक आहे. ते भातही रात्र मोजते. शेवंतीचेही तसेच. शेवंती दिवाळीच्या आगेमागे फुलते ती दिवाळी आली म्हणून नव्हे, तर रात्र मोठी झाली म्हणून.

आपल्या तालुक्यात मोठ्यात मोठा दिवस जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान दिवस डिसेंबरमध्ये सुमारे अकरा तासांचा असतो. सप्टेंबरच्या अखेरीस दिवस व रात्र सारखे होतात. संधिप्रकाश जमेस धरता सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पॉइन्सेटियाचा कोंब पालटतो आणि तेथून वाणाप्रमाणे सात ते दहा आठवड्यांत झाड पूर्ण रंगास येते. म्हणजे उघड्यावरचे झाड आपोआपच डिसेंबरात तयार होते. त्यास अंधार मिळावा, एवढीच अट असते.

आणि नेमकी हीच अट आता कठीण होत चालली आहे. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रात्री जो काळोख होता तो आता उरलेला नाही. रस्त्यांचे दिवे, कारखान्यांची आवारे, गृहसंकुलांच्या भिंतींवरील प्रखर दिवे यांचा उजेड शेजारच्या शेतात रात्रभर पडत असतो. पिरंगुटच्या पुढे एका शेतकऱ्याने शेडनेटखाली सुमारे तीनशे कुंड्या वाढविल्या होत्या. रोपे जोमदार होती, पाने गर्द हिरवी होती. नोव्हेंबरअखेर त्यांतील निम्म्या तांबड्या झाल्या, निम्म्या हिरव्याच राहिल्या. त्याने प्रथम रोपे देणाऱ्यावर संशय घेतला, मग खतावर. पोटॅश कमी पडले असेल म्हणून तेही दिले. प्रस्तुत लेखकाने जागा पाहिली तेव्हा दिवसा काहीच उमगण्यासारखे नव्हते. सायंकाळी मात्र उलगडा झाला. शेजारच्या वसाहतीने त्या पावसाळ्यात कुंपणावर एक नवा दिवा बसविला होता व त्याचा झोत पंख्याच्या आकाराने शेडनेटमध्ये येत होता. हिरव्या कुंड्या त्या पंख्यात होत्या. पाण्याच्या सिंटेक्स टाकीच्या आडोशास आलेल्या दहा-बारा कुंड्या दिव्याच्या अगदी जवळ असूनही लालबुंद झाल्या होत्या, कारण टाकीची सावली त्यांच्यावर पडत होती. नाताळ हातचा गेला होता. पॉइन्सेटियाची हिरवी कुंडी डिसेंबरात कोणी घेत नाही आणि जानेवारीत तांबडी झालेली निम्म्या किमतीस जाते. घरच्या तीन माणसांचे सहा महिन्यांचे कष्ट एका दिव्यापायी वाया गेले, आणि दिवा लावणाऱ्यास त्याची वार्ताही नव्हती.

यासाठी कुंड्या मांडण्यापूर्वी अमावास्येच्या सुमारास रात्री नऊ-दहा वाजता त्या जागी उभे राहून पाहावे. आपल्या हाताची सावली जमिनीवर स्पष्ट उमटत असेल तर ती जागा पॉइन्सेटियास योग्य नाही. एखाद्या दिवशी थोडा वेळ दिवा लागल्याने फारसे बिघडत नाही. रोजच्या उजेडाने बिघडते. कोजागिरीच्या चांदण्याने अपाय होतो काय, असा प्रश्न एका बाईंनी विचारला होता. प्रश्न मार्मिक आहे, कारण कोजागिरी नेमकी याच दिवसांत येते. परंतु पूर्ण चंद्राचाही उजेड रस्त्याच्या दिव्याच्या मानाने अत्यंत मंद असतो आणि त्याने झाडाची रात्र मोडत नाही. आकाशकंदिलाची गोष्ट वेगळी. ओसरीवरील कुंडीच्या डोक्यावर आश्विनापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत विजेचा कंदील रात्रभर जळत राहिला तर ती कुंडी नाताळपर्यंत हिरवी राहण्याचा संभव बराच आहे. अशा वेळी कंदील हलवू नये, कुंडी हलवावी.

दिवा टाळणे शक्यच नसेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून रोज सायंकाळी सूर्यास्ताच्या सुमारास कुंड्यांवर काळे जाड कापड किंवा काळे प्लॅस्टिक ओढावे व सकाळी आठ वाजता काढावे. तांबडेपणा पुरता दिसू लागेपर्यंत, म्हणजे आठ-नऊ आठवडे, यात खंड पडू देऊ नये. प्लॅस्टिक उन्हे असताना ओढल्यास आत उष्मा साठतो आणि फायद्याऐवजी नुकसान होते. म्हणून कापड असेल तर उत्तम. दिव्याच्या बाजूस शेडनेटला ज्वारीच्या कडब्याचा किंवा जुन्या ताडपत्रीचा आडोसा उभारणे हा त्याहून स्वस्त उपाय होय. दिवसा मात्र भरपूर ऊन मिळाले पाहिजे. अंधार पाहिजे म्हणून कुंडी घराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवणारे लोक आढळतात. तिची पाने पिवळी पडून गळतात.

विषाचा प्रश्न

पॉइन्सेटियाचे पान खाल्ल्याने मूल दगावते, ही समजूत जगभर पसरलेली आहे. तिचा उगम १९१९ साली हवाई बेटांत एका लष्करी अधिकाऱ्याचे दोन वर्षांचे मूल या झाडाचे पान खाऊन दगावले, या वार्तेत सांगितला जातो. ती वार्ता पुढे निराधार ठरली; पण तोपर्यंत ती पुस्तकांतून उतरली होती आणि एकदा छापले गेलेले भय सहसा पुसले जात नाही. १९७१ साली ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांना या झाडाचे भाग मोठ्या प्रमाणात देऊन पाहिले. त्यांना विषबाधा झाल्याचे आढळले नाही. पुढे १९९६ साली अमेरिकेतील विषबाधा-केंद्रांकडील नोंदी तपासण्यात आल्या. पॉइन्सेटियाच्या २२,७९३ नोंदींत बहुतेक लहान मुलेच होती. त्यांपैकी एकही दगावले नव्हते व शेकडा ९२ हून अधिक प्रकरणांत कोणतेही लक्षण दिसले नव्हते.

याचा अर्थ पान खाण्याजोगे आहे असा नव्हे. चव कडवट असते, पोटात गेल्यास मळमळ किंवा वांती होऊ शकते. चीक त्वचेस लागल्यास काहींना खाज सुटते, पुरळ उठते. रबराची ज्यांना बाधा होते, त्यांनी या झाडापासून जपून असावे. छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळ्यास हात लावू नये, आणि चीक डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन वैद्यास दाखवावा. याच कुळातील शेर आणि निवडुंग यांचा चीक पॉइन्सेटियाच्या चिकापेक्षा कितीतरी दाहक असून डोळ्यास गंभीर इजा करू शकतो. तरी ती कुंपणे आपण पिढ्यान् पिढ्या निर्धास्तपणे सांभाळली आहेत.

या भयाची दुसरी बाजू अधिक चिंताजनक आहे. तालुक्यातील एका शाळेने पालकांच्या सांगण्यावरून आवारातील पॉइन्सेटियाची झुडपे मुळासकट काढून टाकली. त्याच आवारात कण्हेरीची रांग होती, पिवळी बिट्टी होती आणि मागच्या बाजूस मोगली एरंडाचे कुंपण होते. त्यांना कोणी हात लावला नाही. कण्हेर व बिट्टी यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे तीव्र विष असते. मोगली एरंडाच्या बियांची चव शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून मुले त्या मूठमूठ खातात. पाठोपाठ वांत्या व जुलाब सुरू होतात. अशा बातम्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून वारंवार येतात. साध्या एरंडाची बी व गुंजेची बी याही चावून खाल्ल्यास प्राणघातक ठरू शकतात. ज्या घरात वा शाळेत लहान मुले आहेत तेथे आधी या झाडांकडे पाहावे. पॉइन्सेटियाचा क्रम फार खाली लागतो.

चिकाचे झाड दारात लावल्याने धनहानी होते, असे मानणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. ही कल्पना जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घराजवळच्या क्षीरयुक्त वृक्षांविषयी तसा उल्लेख येतो. श्रद्धेचा निवाडा करणे हे कृषि-विस्ताराचे काम नव्हे. तथापि वड, पिंपळ, उंबर हे सर्व चिकाचेच वृक्ष असून आपण त्यांचे पार बांधले आहेत, आणि उंबराखाली दत्ताची स्थापना केली आहे, हेही ध्यानात घ्यावे. ज्यांच्या मनात किंतु असेल त्यांनी झाड उंबऱ्याशी न लावता परसाकडे किंवा कुंपणाच्या बाजूस लावावे. जाण्यायेण्याच्या वाटेपासून दोन-तीन हात अंतर चिकाच्या दृष्टीनेही चांगलेच.

लागवड

जमीन निचऱ्याची पाहिजे, यावर जितका भर द्यावा तितका थोडा. मुळशीच्या पश्चिम भागातील तांबडी, किंचित आम्ल माती या झाडास मानवते. नदीकाठची भारी काळी माती मानवत नाही. भातखाचराच्या पाझराखाली झुडूप लावल्यास ते एका पावसाळ्यात मुळे कुजून जाते. ताम्हिणीच्या बाजूस पावसाचा जोर इतका असतो की तेथे कुंडीतील लागवड प्लॅस्टिकच्या छपराखालीच करावी. कुंडीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण पुरे.

बियांपासून हे झाड वाढवीत नाहीत. छाटे लावतात. मार्च-एप्रिलमध्ये छाटणीतून निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काड्यांचे वीतभर लांबीचे छाटे घ्यावेत. कापल्याबरोबर चीक वाहू लागतो. तो थांबेपर्यंत खालचे टोक कोमट पाण्यात धरावे किंवा राखेत बुडवून काड्या एक दिवस सावलीत सुकू द्याव्यात. ओला चीक असतानाच मातीत खोवलेला छाटा बहुधा कुजतो. झाड चिकाने 'रक्त गाळते', म्हणून कापू नये, असे म्हणणारे लोक याच अनुभवावर बोलत असावेत. कापण्याने झाड मरत नाही, उलट फुटते. कुंडीच्या धंद्यासाठी जून-जुलैमध्ये कोवळ्या शेंड्यांचे आठ-दहा सेंटिमीटरचे छाटे अधिक सोयीचे पडतात. त्यांना इंडोल ब्युटिरिक अम्लाची भुकटी लावून ओलसर भुशात, दमट सावलीत ठेवल्यास तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात.

रोपास सहा ते आठ पाने आली की शेंडा खुडावा. खुडल्याने बगलेतून फांद्या फुटतात, आणि जितक्या फांद्या तितकी तांबडी चक्रे. येथे तारखेस महत्त्व आहे. शेवटची खुडणी ऑगस्टअखेर संपली पाहिजे. गणपती बसले की शेंड्यास हात लावू नये, असा ढोबळ नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे, जरी गणपती कधी ऑगस्टअखेर तर कधी सप्टेंबरच्या मध्यास येतात. त्यानंतर खुडलेल्या फांदीस रात्री लांबण्यापूर्वी पुरेशी पाने धरण्यास अवसर मिळत नाही व तिचे चक्र लहान राहते.

खताविषयी विस्ताराने सांगण्यासारखे फार नाही. वाढीच्या काळात पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला एक ते दोन ग्रॅम या प्रमाणात आठवड्यास एकदा द्यावे, अधूनमधून त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट द्यावे, आणि छद रंगू लागले की मात्रा कमी करावी. पाणी रोज देण्याची प्रथा सोडावी. वरची माती कोरडी लागली म्हणजेच पाणी द्यावे व कुंडीखालच्या बशीत पाणी तुंबू देऊ नये. थंडीत बशीतल्या पाण्याने मरणारी रोपे कीड-रोगाने मरणाऱ्या रोपांपेक्षा अधिक असतील. रात्रीचे तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस असावे. धरणाच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. त्या वेळी उघड्यावरील कुंड्या आडोशास न्याव्यात, नाही तर पाने गळतात.

पांढरी माशी हा या झाडाचा मुख्य शत्रू. पानाच्या खालच्या बाजूस ती बसते, म्हणून आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत व प्रारंभीच निंबोळी तेलाची फवारणी करावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास तेवढी फांदी काढून टाकणे चांगले.

बुटके झाड उंच का होते

रोपवाटिकेतून आणलेले वीत-दीड वीत उंचीचे रोप जमिनीत लावल्यावर दोन वर्षांत माणसाच्या उंचीस गेले, सबब आपणास फसविले, अशी तक्रार नेहमी येते. यात बहुधा फसवणूक नसते. कुंडीच्या रोपांची उंची क्लोरमेक्वाटसारख्या वाढरोधक द्रव्याने आवरलेली असते आणि त्याचा अंमल संपला की झाड आपल्या मूळ स्वभावावर जाते. पॉइन्सेटिया हे स्वभावतः झुडूप आहे, हंगामी फुलझाड नव्हे. जानेवारीनंतर पाने गळाली म्हणून ते मेले असे समजून उकिरड्यावर टाकणारे लोक दरवर्षी जिवंत झाड टाकीत असतात.

दाट फांद्यांविषयी मात्र एक चमत्कारिक गोष्ट आहे. जुन्या बागांतील पॉइन्सेटिया सरळसोट वाढतो, त्याला फांद्या थोड्या. आजच्या कुंडीतील वाण खुडताच चारी बाजूंनी फुटतो. हा केवळ वाणाचा गुण नाही. फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जीवाचा त्या रोपांत वास असतो व त्यामुळे ती दाट फुटतात, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. वांग्यावर पर्णगुच्छ रोग आणून शेतकऱ्याचे पीक बुडविणारा जीव याच वर्गातला. वांग्यात जो रोग, तोच पॉइन्सेटियात शोभेचे कारण झाला आणि त्याच्यावर जगभरचा कुंड्यांचा व्यापार उभा राहिला. बियांतून तो उतरत नाही. कलमातून व छाट्यांतून उतरतो. म्हणून कुंडीच्या धंद्यासाठी छाटे घ्यायचे तर जुन्या बागेतील उंच झाडाचे न घेता दाट फुटणाऱ्या कुंडीच्या रोपाचे घ्यावेत.

मातृरोपांची निवड डिसेंबरातच करून ठेवावी. रंग पूर्ण भरलेला असताना, ज्या रोपांच्या फांद्या सारख्या उंचीच्या, छद रुंद व पेले टवटवीत असतील त्यांच्या बुंध्याशी सुतळीचा तुकडा बांधावा. मार्चमध्ये पाने गळाल्यावर सर्व रोपे सारखीच दिसतात. दिव्याच्या उजेडात हिरवे राहिलेले रोप मात्र या निवडीत बाद धरू नये. त्याच्यात दोष काहीच नसतो. त्यास अंधारात हलवून रंग येतो किंवा कसे ते पाहावे. निवडलेली झाडे मार्चअखेर जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटावीत, आठवडाभर पाणी बेताचे ठेवावे व निघालेल्या काड्यांना वाणाच्या नावाची चिठ्ठी बांधून त्या सावलीत ठेवाव्यात.